पर डीएम घ्यावा की नाही? अमेरिकेतल्या ट्रक-ड्रायव्हरच्या घरचा हिशेब

आमच्या घरात ट्रक चालवणारे दोघं. नवरा कंपनीचा पगारी ड्रायव्हर, दीर स्वतःच्या ट्रकचा मालक. दोघांच्या टॅक्सचे कागद मीच लावते. एकच पर डीएम, पण दोघांसाठी नियम साफ वेगळे आहेत.

पर डीएम म्हणजे घरापासून दूर मुक्कामी असताना जेवणाखाण्याचा रोजचा भत्ता. वाहतुकीच्या धंद्यासाठी आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, दर १ ऑक्टोबर २०२४ पासून दिवसाला ८० डॉलर झाला. आधी तो ६९ होता. निघायच्या आणि परतायच्या दिवशी पाऊण भत्ता, म्हणजे ६० डॉलर धरायचे. रोज रात्री घरी येणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. आणि भाड्याचं घर सोडून बारा महिने ट्रकमध्येच राहणाऱ्यालाही नाही, कारण दूर जायला मुळात घर असावं लागतं. पैसे वाचवायला तरुण मुलं हे करतात, म्हणून मुद्दाम सांगते.

दिराचं सोपं आहे. तो शेड्यूल सी, म्हणजे स्वतःच्या धंद्याच्या नफा-तोट्याचा फॉर्म, भरतो. ८० डॉलरचे ८० टक्के, म्हणजे पूर्ण दिवसाचे ६४ डॉलर त्याच्या उत्पन्नातून वजा होतात. त्यामुळे इन्कम टॅक्स घटतोच, शिवाय १५.३ टक्क्यांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही (स्वतःचा धंदा करणाऱ्याने भरायचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा कर) कमी रकमेवर बसतो. जेवणाच्या पावत्या लागत नाहीत, पण कोणत्या रात्री कुठे होतो आणि कशासाठी, हे दाखवावं लागतं. त्याला ईएलडीचा, म्हणजे ट्रकमधल्या ड्रायव्हिंगचे तास नोंदवणाऱ्या यंत्राचा, लॉग उत्तम पुरावा. मात्र तो लॉग सहा महिनेच सांभाळायचं वाहतूक कंपनीवर बंधन आहे. म्हणून मी महिनाअखेरीला त्याची पीडीएफ उतरवून घेते. मोटेल, शॉवर, पार्किंग, वजनकाटा हे सगळं भत्त्याबाहेरचं. त्यांच्या पावत्या वेगळ्या लिफाफ्यात.

नवऱ्याचं तसं नाही. पगारी ड्रायव्हरला फेडरल (केंद्र सरकारच्या) रिटर्नमध्ये ही वजावट २०१८ पासून बंद आहे, आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमची बंद केली. ट्रक-स्टॉपवर अजून कुणी ना कुणी ही वजावट घ्यायचा जुना सल्ला देत असतो. ऐकू नका. पगारी माणसाला एकच वाट उरते: कंपनीने स्वतःच पगाराचा काही भाग पर डीएम म्हणून द्यायचा. तो भाग डब्ल्यू-२ च्या, म्हणजे कंपनी देते त्या वर्षाच्या पगार-दाखल्याच्या, पहिल्या (करपात्र पगाराच्या) चौकटीत येत नाही आणि त्यावर टॅक्स लागत नाही.

इथेच नीट हिशेब करा. समजा पगार मैलाला ६० सेंट आणि आठवड्याला २,५०० मैल, म्हणजे १,५०० डॉलर. त्यातले मैलामागे १० सेंट पर डीएम ठरले तर २५० डॉलर करमुक्त झाले. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) यांचे ७.६५ टक्के, वर १२ टक्के फेडरल टॅक्स धरला, तर आठवड्याला साधारण ४९ डॉलर वाचले. पण काही कंपन्या पर डीएम घेणाऱ्याचा एकूण दरच खाली आणतात. तो ५८ सेंट झाला की ५० डॉलर आधीच गेले, आणि शेवटी हातात जास्तीचे उरले जेमतेम ९ डॉलर. त्या ९ डॉलरसाठी करपात्र पगार आठवड्याला ३०० ने घटलेला असतो. पुढे सोशल सिक्युरिटीचं पेन्शन, बेकारी भत्ता आणि बऱ्याचदा कामावर झालेल्या दुखापतीची भरपाईही त्या घटलेल्या पगारावरच ठरते. बँकसुद्धा कर्ज देताना डब्ल्यू-२ बघते. आम्हाला घराचं कर्ज काढायचं होतं, म्हणून नवऱ्याने कंपनीच्या पर डीएमसाठी सही केली नाही. कर्ज नको, दरही कापत नाहीत आणि निवृत्तीसाठी स्वतः बाजूला टाकायची शिस्त आहे, असं असेल तर मी घ्या म्हणेन.

सही करण्याआधी पेरोलला, म्हणजे कंपनीच्या पगार विभागाला, विचारा: एकूण दर किती कापणार? ४०१-के मधला (निवृत्तीच्या बचत खात्यातला) कंपनीचा वाटा कोणत्या रकमेवर देणार? नंतर पर डीएममधून बाहेर पडायचं तर कधी पडता येतं? उत्तरं ईमेलवर मागा.

पर डीएम घेतला नाही तरी नवऱ्याच्या जेवणाच्या पावत्या मी टाकत नाही. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया अशा काही राज्यांच्या रिटर्नमध्ये पगारी माणसाचा कामावरचा खर्च अजून विचारात घेतात. तुमच्या राज्याचा फॉर्म बघून घ्या.