चेहरा शेवटी बघा

पंचवीस वर्षं बँकेत कॅशिअर होतो, त्यामुळे नाणं हातात आलं की आधी बोटांना कळतं. तरीही रोमन बादशहा टायबेरियसचं पहिलं चांदीचं नाणं घेताना फसलो. चेहरा इतका ठसठशीत, की वजन करायचं सुचलंच नाही. घरी सोनारी काट्यावर ठेवलं तर 2.6 ग्रॅम! भिंगाखाली सगळीकडे बारीक खड्डे आणि कडेला घासून लपवलेली रेघ. ओतीव माल, म्हणजे साच्यात ओतून केलेली नक्कल. तेव्हापासून माझा क्रम ठरला: वजन, कड, अक्षरं, आणि चेहरा शेवटी.

रोमनांचं नेहमीचं चांदीचं नाणं म्हणजे डिनेरियस (आपल्या जुन्या लेखांतला 'दीनार' याच शब्दावरून आला). आकार जुन्या स्टीलच्या चार आण्याएवढा, पण जाड. पहिला बादशहा ऑगस्टस आणि त्याच्यानंतरचा टायबेरियस यांच्या काळात वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. इसवी सन 64 मध्ये बादशहा नीरोनं ते साधारण 3.4 ग्रॅमवर आणलं आणि चांदीही कमी केली. झिजेमुळे थोडं घटतं, पण एक ग्रॅमची तूट दिसली की सावध व्हा.

कड बघा. ही नाणी हातोड्यानं ठसा मारून पाडलेली. त्यामुळे गोलाई वाकडी, चित्र एका बाजूला सरकलेलं, कडेला चीर, हे सगळं चालतं. कड करवतीसारखी दातेरी असेल तर फेकू नका, रोममध्ये बादशहा येण्याआधी, प्रजासत्ताकाच्या काळात काही नाणी मुद्दाम तशी करत. झिजलेल्या जागी तांबं डोकावत असेल तर चांदीचा मुलामा आहे. मात्र असे मुलामे त्या काळातले भामटेही देत, म्हणजे नाणं खोटं असूनही जुनं असू शकतं!

आता अक्षरं. लॅटिन, मोठी, दोन शब्दांत बहुधा जागा न सोडता लिहिलेली. 'यू'च्या जागी 'व्ही' असतो. नवखा माणूस 'ऑगस्टस' वाचतो आणि ऑगस्टसचंच नाणं म्हणून नाचतो. पण ती पदवी पुढच्या बादशहांनीही लावली. नाव शोधायचं ते सुरुवातीला. माझ्या टायबेरियसवर आधी 'टी-आय' (त्याच्या नावाचं लघुरूप), मग 'सीझर', पुढे 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र' अशा अर्थाची आद्याक्षरं आणि शेवटी 'ऑगस्टस' आहे. मागे हातात राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री, भोवती 'पाँटिफ मॅक्झिम', म्हणजे प्रमुख पुरोहित. भारतात, विशेषतः दक्षिणेत, सापडलेल्या डिनेरियसांत हा प्रकार भरपूर आहे.

साल लिहिलेलं नसतं, पण पदांच्या आकड्यांवरून काढता येतं. ट्राजान बादशहाच्या नाण्यावर 'सी-ओ-एस' आणि पुढे रोमन पाच असेल, तर तो पाचव्यांदा कॉन्सल (रोममधलं एक मोठं पद), म्हणजे 103 ते 111 मधलं नाणं.

मग चेहरा. डोक्यावर पानांची माळ की सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट? चांदीच्या नाण्यावर मुकुट असेल तर ते बहुधा कॅराकॅला बादशहानं 215 मध्ये काढलेलं मोठं नाणं किंवा त्याचे पुढचे अवतार. त्यातली चांदी घटत घटत शेवटी नुसता रुपेरी रंग उरला.

आमच्या नाशिककडे एक घोटाळा हमखास होतो. छाप्यावर राजाचं डोकं, भोवती ग्रीक अक्षरं, की लोक 'रोमन' म्हणून मोकळे. उलटून बघा. मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी-खरोष्ठी अक्षरं असली तर तो इथला शक राजा, क्षत्रप नहपान. 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभीला त्याची तेरा हजारांवर नाणी सापडली आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता.

शेतात काही सापडलं तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. आणि कृपा करून चिंच-मिठानं घासू नका, तो काळपटपणा राहू द्या.

माझं 2.6 ग्रॅमचं ओतीव नाणं मी अजून ठेवलंय. काटा बरोबर चालतोय ना, ते तपासायला उपयोगी पडतं.