मीटरवर शंभर व्होल्ट दिसले म्हणून बायस मेला असं नसतं: जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनच्या बाबतीत या चुका टाळा

जपानहून जुना स्टॅक्स येतो, म्हणजे त्या जपानी कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन. रात्री आठला खोकं फुटतं, नऊला कळतं की डावा कान हळू वाजतोय, आणि दहाला हेडफोनचे स्क्रू टेबलावर पडलेले असतात. बेळगाव-निपाणी पट्ट्यात दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच नगांचा मूळ आजार किरकोळ असतो. खरा बिघाड त्या दहा वाजताच्या स्क्रू ड्रायव्हरने केलेला असतो.

या हेडफोनमध्ये कॉइल नसते, चुंबकही नसतं. छिद्रं पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये एक-दोन मायक्रॉनची फिल्म ताणलेली असते. फिल्मवर कायमचा डीसी चार्ज असतो, त्याला बायस म्हणायचं. गाण्याचा सिग्नल या हेडफोनच्या खास अ‍ॅम्प्लिफायरमधून शेकडो व्होल्टने पत्र्यांवर येतो, बायसही तिथूनच. फिल्मवरचा लेप मुद्दामच फार जास्त रेझिस्टन्सचा ठेवलेला असतो, त्यामुळे चार्ज त्यावर सावकाश पसरतो. वर्षभर कपाटात पडलेला नग लावल्या लावल्या दोन्ही कानांत सारखा वाजेल ही अपेक्षाच चूक. लावा, आवाज शून्यावर ठेवा, आणि रात्रभर राहू द्या. सकाळीही फरक असेल तर मग बोलू. मात्र व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर रात्री एकटा चालू ठेवू नका, तो दिवसा डोळ्यांसमोर चालवा.

आता सगळ्यात महागाची चूक. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्रो बायस (दोन प्रकारांतला मोठा, लहान तो नॉर्मल) ५८० व्होल्ट असतो. सॉकेटच्या बायस पिनवर लोक बाजारातला स्वस्त पिवळा मीटर लावतात आणि त्यावर १०० च्या आसपास आकडा येतो. झालं, "बायस गेला"! पण सॉकेटच्या आधी साधारण ४.७ मेगओहमचा रेझिस्टर सीरिजमध्ये असतो, आणि पिवळ्या मीटरचा स्वतःचा इनपुट फक्त १ मेगओहम. मीटर लावला की त्याचा आणि त्या रेझिस्टरचा डिव्हायडर तयार होतो, म्हणजे व्होल्टेज दोघांत वाटलं जातं: ५८० भागिले ५.७, म्हणजे १०२ व्होल्ट. बायस ठणठणीत आहे, तो मीटरनेच खाली ओढलाय. १० मेगओहमचा चांगला मीटरसुद्धा ३९५ च दाखवणार.

संकेश्वरकडच्या एका एसआरएम-टी१ चं (स्टॅक्सचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर) यातूनच वाटोळं झालं. मालकाने १०० व्होल्ट बघितले आणि बायसच्या मल्टिप्लायरमधले (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) सगळे डायोड बदलले. आकडा हलला नाही. मग कपॅसिटर बदलले, तरीही १००. शेवटी त्याला तो ४.७ मेगओहमचा रेझिस्टर "खराब" वाटला आणि तिथे १० किलोओहम बसवला. मीटरवर ५७४ आले. गडी खूश! हिवाळा, उन्हाळा नीट गेला. जूनमध्ये हवा दमट झाली, फिल्म आणि पत्र्याच्या मध्ये एक ठिणगी पडली. मूळ रेझिस्टर असता तर त्या ठिणगीला १२० मायक्रोअँपियरच्या आसपास करंट मिळाला असता, म्हणजे नुसतं टिक वाजून थांबली असती. इथे कपॅसिटर थेट ओतला गेला आणि फिल्मला भोक पडलं. चाळीस पैशांच्या रेझिस्टरपायी लॅम्बडाचा (स्टॅक्सचं एक हेडफोन मॉडेल) एक ड्रायव्हर, म्हणजे एका कानाचा फिल्म-पत्र्यांचा संच, कायमचा गेला. तोच रेझिस्टर तुमच्या बोटालाही वाचवत असतो, हे वेगळं.

मोजायचंच असेल तर १० मेगओहमचे नऊ रेझिस्टर एकापुढे एक जोडा, बाहेरून उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि १० मेगओहमच्या मीटरच्या लाल वायरीला लावा. आकड्याला दहाने गुणायचं. ५८० चा ठीक बायस यात ५५.४ दिसतो, म्हणजे ५५४. उरलेली तूट त्या ४.७ मेगओहमची, त्यासाठी सर्किटमध्ये हात घालू नका. आणि आत हात घालण्याआधी लक्षात ठेवा की मोठे कपॅसिटर तीनशे व्होल्टच्या वर भरलेले असतात. प्लग काढा, १० किलोओहम १० वॅटचा रेझिस्टर लांब इन्सुलेटेड वायरींनी प्रत्येक कपॅसिटरवर दहा सेकंद धरा, मग मीटरने खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून "फट्" आवाज काढणारे महाभाग कारागीर नव्हेत.

दुसरी लाडकी चूक प्लगची. जुन्या नॉर्मल बायसच्या हेडफोनला (एसआर-५, एसआर-एक्स मार्क ३, पहिला लॅम्बडा) २३० व्होल्ट लागतात आणि प्लगला सहा पिना असतात. प्रो सॉकेटला पाचच भोकं. ती सहावी पिन तुम्हाला अडवायलाच ठेवलेली आहे! ती कानसने घासून प्लग घुसवणारे दरवर्षी भेटतात. नॉर्मलमध्ये फिल्म आणि पत्र्यातलं अंतर प्रोपेक्षा कमी, त्यावर अडीचपट बायस. फिल्म पत्र्याला चिकटते नाहीतर ठिणगी पडते. कधीकधी महिनाभर झकास मोठ्याने वाजतं, तेवढ्यावर लोक इतरांनाही तोच सल्ला देत सुटतात. उलटं मात्र चालतं: पाच पिनांचा प्रो हेडफोन नॉर्मल सॉकेटला लावला तर नुसता हळू वाजेल, बिघडणार नाही. नॉर्मल हेडफोन असेल तर त्याच्यासाठी जुना एसआरडी-७ हा अडॅप्टरचा डबा शोधा. तो साध्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलला जोडतात, लाइन आउटला नव्हे. आजकालचे छोटे क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड बहुतेक ब्रिज पद्धतीचे असतात, त्यांची मायनस वायर म्हणजे ग्राउंड नसते. म्हणून जोडण्याआधी एसआरडी-७ च्या दोन्ही काळ्या टर्मिनलांमध्ये कंटिन्युइटी बघा. बीप वाजला तर तो बोर्ड लावू नका.

जपानी अ‍ॅम्प्लिफायर १०० व्होल्टच्या मेन्सचा. इथे दुकानात स्टेपडाउन मागितला की ११० चा हातात देतात, आणि "दहाने काय होतंय" हेही वर. आपल्याकडे तालुक्याच्या गावी रात्री पंप बंद झाले की लाइन २५० ला जाते. तेव्हा तो ११० चा ट्रान्सफॉर्मर १२० देतो. १०० च्या यंत्राला २० टक्के जास्त, म्हणजे व्हॉल्व्हचे फिलामेंट आणि कपॅसिटर दोघांनाही त्रास. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वाइंडिंगवाल्याकडून प्रायमरी २४०, सेकंडरी १००, १०० व्हीए असा वेगळ्या दोन वाइंडिंगचा करून घ्या. ऑटो ट्रान्सफॉर्मर नको, त्याची कॉमन बाजू तुटली की पुढे पूर्ण २३० जातात. काही जुन्या एसआरएम अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आत व्होल्टेजचे जंपर असतात. २२० आणि २४० असे दोन पर्याय दिसले तर २४० निवडा, आणि फ्यूज निम्म्या अँपियरचा करा. हे दुसरं काम विसरणारे फार.

खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओल लागते. अशा हवेत हेडफोन चुरचुरतो, शिट्टी मारतो, एक कान उतरतो. बहुतेक वेळा हा बिघाड नसतोच. झाकणाच्या डब्यात शंभर-दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि हेडफोन दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, फिल्म सैल पडेल. निपाणीत वखारीजवळ घर असेल तर तंबाखूची भुकटी हा आणखी एक शत्रू, तिथे हेडफोन उघडा खुंटीला टांगूच नका.

लॅम्बडाच्या आतला काळा फोम वयाने कुजतो आणि त्याची पूड ड्रायव्हरकडे जाते. जुना नग आला की आधी तो फोम चिमट्याने काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. स्पिरिटचा बोळा फिल्मवर फिरवला तर लेप निघतो, मग तो कान संपला. ड्रायव्हरवरचं पातळ पारदर्शक आवरण फाटलं असेल तर ते बदलेपर्यंत वाजवू नका. कान दाबल्यावर होणारा चुरमुऱ्यांसारखा आवाज त्याच आवरणाचा असतो, त्यावर उपचार नाही, लागतही नाहीत. बास गेला वाटलं तर आधी पॅडची चिकटपट्टी सुटली का ते बघा.

स्वस्त "इलेक्ट्रेट" नग इलेक्ट्रोस्टॅटिक आहेत असं समजून विकत घेऊ नका. त्यांचा चार्ज कारखान्यातच फिल्ममध्ये किंवा पत्र्यात कोंडलेला असतो, तो चाळीस वर्षांत उतरला तर परत भरता येत नाही.

विकणाऱ्याकडे एसआरडी-७ असेल तर एक परीक्षा जरूर मागा. मोनो गाणं अर्धा तास चालू ठेवायचं, मग फक्त एसआरडी-७ चा मेन्सचा प्लग काढायचा. गाणं बंद पडत नाही, हळूहळू उतरतं. दोन्ही कान बरोबर उतरले तर नग घ्या. एक कान आधी बसला तर त्या बाजूला गळती आहे. ती ओलीने की धुळीने हे सिलिका जेलच्या दोन दिवसांनंतर कळेल, पण किंमत मात्र आजच पाडून मागा.