उद्यमचा दाखला आणि रस्त्याचं टेंडर: या चुका टाळा

निविदेचा पहिला, म्हणजे कागदपत्रांचा लिफाफा उघडतो, ‘अनामत रक्कम भरलेली नाही’ असा शेरा पडतो आणि निविदा तिथंच बाद होते. कंत्राटदार म्हणतो, अहो, माझ्याकडं उद्यमचा, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा दाखला आहे ना! हा दाखला असला की अनामत माफ, हा बीड-परभणीकडच्या नव्या मंडळींत गैरसमज फार. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण आहे, त्यातली अनामत माफी माल आणि सेवांच्या खरेदीला लागू होते. रस्ता, पूल ही बांधकामाची कामं सहसा त्यात धरत नाहीत. निविदा सूचनेत माफी स्पष्ट लिहिलेली नसेल तर मुकाट्यानं रक्कम भरा, तीही आदल्या दिवशी. शेवटच्या तासाला केलेली एनईएफटी वेळेत पोचेलच असं नाही.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, मोफत आहे, तिचं नूतनीकरणही करावं लागत नाही. तरी ‘रिन्यूअल’चे पैसे मागणारे फोन येतात, सरळ ठेवून द्या. दाखल्यावरचा एनआयसी कोड (व्यवसायाच्या प्रकाराचा क्रमांक) मात्र स्वतः बघा, रस्ते-पुलांचा ४२१०१. आणि हा दाखला म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याची कंत्राटदार नोंदणी नव्हे. ती वेगळी, वर्गानुसार, रकमेची मर्यादा घालून मिळते.

खरा घात होतो तो दुसऱ्याच्या लायसनवर, म्हणजे त्याच्या कंत्राटदार नोंदणीवर काम केल्यानं. आपल्याकडं ही रीत मुरलेली: लायसन पाहुण्याचं, जेसीबी-रोलर आपला, त्याला टक्केवारी. उन्हातान्हात खडी-डांबर तुम्ही अंथरता, पण कार्यारंभ आदेश त्याच्या नावावर, बिल त्याच्या खात्यात, २६एएस या आयकराच्या पत्रकात टीडीएस (बिलातून कापलेला कर) त्याच्याच पॅनवर. मग स्वतःची निविदा भरताना काम पूर्ण केल्याचा दाखला कुठून आणणार? त्यापेक्षा जिल्हा परिषदेची, ग्रामपंचायतीची लहान कामं स्वतःच्या नावावर घ्या. नफा कमी सुटेल, पण कागद तुमचा होईल.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. सीएच्या उलाढाल दाखल्यावर यूडीआयएन, म्हणजे दाखला खरा असल्याचं पडताळता येणारा क्रमांक हवाच. पॅन, जीएसटी, बँक खातं, सगळीकडं फर्मचं नाव अक्षरशः एकच ठेवा. चालू कामांची यादी देताना एखादं काम लपवू नका. निविदा क्षमता, म्हणजे तुम्ही अजून किती रकमेचं काम पेलू शकता हे काढताना हातातली उरलेली कामं वजा होतात आणि लपवालपवी उघडी पडली तर काळ्या यादीत जायची वेळ येते.

डिजिटल सहीचं टोकन (सही साठवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) आणि पासवर्ड ऑनलाइन निविदा भरून देणाऱ्या कॅफेवाल्याकडं ठेवायची सवय तर आजच मोडा. तो भरेल तो दर तुमच्या सहीनं जातो, आणि टोकनची मुदत संपल्याचं त्याच्या नव्हे, तुमच्या निविदेच्या दिवशी कळतं.