पाँटकिसिल्टेच्या जलसेतूवर मुलांना नेताना

बहिणीची मुलं सुट्टीत आली की वेल्समधल्या या जलसेतूवर जायचा हट्ट ठरलेला. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांचं हे काम 1805 साली खुलं झालं. 18 दगडी खांबांवर बिडाचं लांबच लांब पन्हळ, त्यातून कालवा वाहतो आणि सुमारे 38 मीटर खाली डी नदी. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, पन्हळीची कड पाण्यावर वीतभर येते आणि पुढे थेट दरी. म्हणून कोण कुठे थांबणार हे मी सेतूच्या अलीकडेच ठरवते.

चालत जाणार असाल तर मूल कठड्याकडे आणि तुम्ही पाण्याकडे. कठड्यावर चढू देऊ नका. वाट अरुंद आहे, सायकल असेल तर उतरून हातात धरा. समोरून कोणी आलं तर आधी थांबा, मग वाट द्या. फोटो काढायचा तर एकाने मुलांचे हात धरायचे आणि दुसऱ्याने काढायचा. मी हे दोन्ही एकटीने करत नाही.

होडीतून जाताना मुलं आत, लाइफ जॅकेट घालून. टपावर कोणीच नाही, मोठी माणसंसुद्धा. कोणी पाण्यात पडलंच तर आधी इंजिन न्यूट्रलला घ्या, कारण मागचा पंखा फिरत असतो. मग दोर फेका. मागोमाग उडी मारू नका.

मला सेतूपेक्षा लॉकची, म्हणजे दारं बंद करून पाणी भरून किंवा सोडून होडी वर-खाली करणाऱ्या हौदाची, धास्ती जास्त. याच कालव्यावर ग्रिंडली ब्रुकला एकाला एक लागून लॉक आहेत. खाली उतरताना वरच्या दाराशी पाण्याखाली एक उंबरा असतो. पाणी उतरलं आणि होडीची मागची बाजू त्यावर टेकली, तर पुढचा भाग खाली जातो आणि होडीत पाणी शिरतं. त्याची हद्द दाखवणारी पांढरी खूण भिंतीवर असते, होडी कायम तिच्या पुढे ठेवा. अडकलीच तर ओरडून पाणी बाहेर सोडणाऱ्या खालच्या झडपा ताबडतोब बंद करायला सांगा, नंतर वरून सावकाश पाणी सोडा. झडपांपाशी उभ्या माणसाने तोवर नजर होडीवरच ठेवायची, गप्पा नाहीत. दारावरून पलीकडे जाताना दांडा धरा. ओल्या लाकडावर पाय सटकतो.

निखळलेला दगड किंवा हलणारा कठडा दिसला तर फोटो काढून कॅनल अँड रिव्हर ट्रस्टला, म्हणजे कालव्याची देखभाल करणाऱ्या संस्थेला, कळवा. जवळच्या पुलावर क्रमांकाची पाटी असते, तो क्रमांक सांगितला की त्यांना नेमकी जागा सापडते.