साठीनंतर आधी नाश्ता सुधारा, सुपरफूडचं नंतर बघू

वय वाढायला लागलं की लोक आधी पावडरी नि कॅप्सूल शोधतात, अमकं सुपरफूड, तमकं अँटीऑक्सिडंट. ते राहू द्या बाजूला. आधी सकाळी काय खाताय ते बघा, कारण बऱ्याच जणांचं चहा-टोस्टवर भागतं आणि त्यात प्रोटीन नावालाच असतं.

होतं काय, तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर तर वेग अजूनच वाढतो, आणि वर तेवढंच प्रोटीन खाल्लं तरी तरुणपणी जेवढे स्नायू बनायचे तेवढे आता बनत नाहीत. म्हणून एरवी किलोमागे ०.८ ग्रॅम धरतात, पण पासष्टीपुढे १ ते १.२ ग्रॅम सांगतात. वजन ६० किलो असेल तर दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. हे सगळं रात्रीच्या जेवणात कोंबू नका, तीन वेळा वाटून घ्या. दोन अंडी आणि एक मोठा ग्लास दूध, झाले की २० ग्रॅमच्या आसपास! अंडी चालत नसतील तर घट्ट दही, टोफू, कडधान्यं, आणि दातांचा त्रास असेल तर डाळीचं दाट सूप. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवायचं नाही. आणि हो, नुसतं खाऊन स्नायू टिकत नाहीत, खुर्चीतून हात न टेकता उठ-बस तरी रोज कराच.

आता ते फंक्शनल फूड. म्हणजे पोट भरण्यापलीकडे काहीतरी जास्तीचा फायदा देणारं खाणं. ह्यात ओट्स खरंच कामाचे, त्यातल्या बीटा-ग्लुकनने (एक प्रकारचं विरघळणारं फायबर) एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं खाली येतं, पण त्यासाठी रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला हवं, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स, दोन चमचे टाकून उपयोग नाही. जवस दळूनच खा, अख्खं खाल्लं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. दही जिवंत जिवाणूंसाठी खात असाल तर उकळवू नका. फायबर हळूहळू वाढवा आणि सोबत पाणी प्या, ह्या वयात तहान लागल्याचं लवकर कळत नाही. 'अँटी-एजिंग' छापलेल्या डब्यांवर मी तरी पैसे घालणार नाही.

व्हिटॅमिन बी१२ची गोष्ट जरा वेगळी आहे. वयानुसार पोटातलं ॲसिड कमी झालं की अन्नातलं बी१२ नीट सुटत नाही, म्हणजे व्यवस्थित खाऊनसुद्धा कमी पडू शकतं, आणि मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर शक्यता अजून वाढते. फोर्टिफाइड सीरियल किंवा दुधात वरून घातलेलं बी१२ मोकळंच असतं, ते सोपं जातं. हातापायाला मुंग्या, सतत थकवा असं काही असेल तर रक्त तपासून घ्या, अंदाजाने गोळ्या नकोत.

गोळ्यांवरून आठवलं, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर हिरव्या पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, पण एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा शून्य असंही नको, प्रमाण साधारण सारखं ठेवा. आणि कोलेस्टेरॉलच्या काही स्टॅटिन गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट चालत नाही, आपली त्यातली आहे का ते औषधवाल्याला विचारून घ्या.