खोटा फोन येण्याआधीची तयारी

आवाज ओळखीचा आहे, एवढ्यावर आता विसंबून चालत नाही, कारण एआय वापरून घरच्या माणसाच्या आवाजाची नक्कल करून पैसे मागता येतात. म्हणून सुरुवात घरातूनच करा. सगळे एकत्र असताना एक परवलीचा शब्द ठरवून घ्या, म्हणजे फोनवर शंका आली तर तो विचारता येईल. वाढदिवस, टोपणनाव असलं काही नको. ते सोशल मीडियावर कधीच पोचलेलं असतं. शब्द तोंडी सांगा, ग्रुपवर टाकू नका. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अवघ्या ३ सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची नक्कल करणारं एआय मॉडेल दाखवलं होतं. एखाद्या रीलमध्ये त्याहून कितीतरी जास्त बोलणं असतं.

मग अशा फोनची घरच्यांबरोबर एकदा तालीम करा. माझ्या मते अख्ख्या यादीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. "आई, अपघात झालाय, हा मित्राचा फोन आहे, बाबांना सांगू नकोस, पैसे लगेच पाठव." मागे रडणं, गाड्यांचे आवाज. घाई आणि लपवाछपवी जोडीने आली की फोन ठेवायचा आणि आपल्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर स्वतः लावायचा. पोटच्या पोराचा रडवेला फोन कापायला हात धजत नाही, तालीम हवी ती त्यासाठीच. व्हिडिओ दिसतोय म्हणूनही निर्धास्त राहू नका. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमधल्या बनावट साहेबांचं ऐकून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले.

त्यानंतर फोनची सेटिंग्ज उघडा आणि माइक, लोकेशन, कॉन्टॅक्टच्या परवानग्या एकेक करून बघा. फोटो सजवणाऱ्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला हवेत? त्यातून दुसऱ्यांचे नंबर जातात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

चॅटजीपीटीसारखा चॅटबॉट वापरत असाल तर तुमच्या गप्पा मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरू देणारा पर्याय शोधून बंद करा. तपासणीचे रिपोर्ट दाखवायचेच असतील तर नाव आणि नंबर आधी झाका. ओळखपत्राचे फोटो आणि पासवर्ड मात्र अजिबात नकोत. गप्पांच्या शेअर केलेल्या लिंकाही तपासा, कारण २०२५ मध्ये चॅटजीपीटीवरच्या अशा काही गप्पा गुगलवर शोधता येत होत्या.

शेवटी बँकेचा तक्रार नंबर कार्डाच्या मागून बघून कागदावर लिहून ठेवा. पैसे गेलेच तर पहिला फोन तिथे करा आणि घरच्यांनाही त्याच वेळी सांगा. ज्याची फसवणूक झाली त्याला त्या दिवशी कुणी रागावायचं नाही, हेही आधीच ठरवून ठेवा. नाहीतर माणूस भीतीपोटी गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात जातात.