सर्फ ब्राउझर स्थिर करताना: न सांगता मिटणाऱ्या खिडकीचा माग

दोन जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली, तेव्हा नेहमीचे ब्राउझर त्याला झेपेनात; म्हणून मी साधे-छोटे प्रोग्राम लिहिणाऱ्या सकलेस समूहाचा ‘सर्फ’ हा ब्राउझर वापरायला घेतला. त्याचा मुख्य कोड सी भाषेतील सुमारे दोन हजार ओळींचा आहे. एवढासा प्रोग्राम बिघडणार तरी किती, या भरवशावर मी होतो, आणि तो दिवसातून पाच-सहा वेळा न सांगता बंद पडू लागला.

छोटा आहे तो केवळ सर्फ. पान मांडण्याचे आणि जावास्क्रिप्ट चालवण्याचे काम वेबकिटजीटीके हे अवाढव्य इंजिन स्वतंत्र प्रोसेसमध्ये, म्हणजे सर्फपासून वेगळ्या चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, करते. ती प्रोसेस मेली की सर्फ ‘वेब प्रोसेस टर्मिनेटेड’ अशी एक ओळ छापतो आणि खिडकी मिटवतो. ब्राउझर मेनूतून उघडला असेल, तर ही ओळ डोळ्यांसमोर येतच नाही. मी आठवडाभर मेनूतूनच उघडत राहिलो आणि कॉन्फिग.डेफ.एच या सेटिंग्जच्या मूळ फाइलमध्ये फेरफार करत राहिलो. तेही व्यर्थ होते, कारण तिची प्रत असलेली कॉन्फिग.एच एकदा तयार झाली की पुढे कंपाइल करताना, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवताना, तीच वाचली जाते.

टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, चालवल्यावर ‘क्रॅश्ड’ हा शब्द दिसला, परंतु तोही फसवा निघाला. मेमरी संपल्यामुळे कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, प्रोसेस मारली, तरी सर्फला ती कोसळल्यासारखीच दिसते. खरे कारण जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेने दाखवलेल्या कर्नलच्या नोंदींत ‘आउट ऑफ मेमरी’ या शब्दांत होते. मग रॅममधील माहिती दाबून जागा वाचवणारे झेडरॅम सुरू केले, कॉन्फिग.एचमध्ये जावास्क्रिप्ट मुळातच बंद ठेवली आणि जिच्यावाचून अडते अशा मोजक्या संकेतस्थळांसाठी त्याच फाइलमधील यूआरआय-पॅराम्स यादीत ती चालू केली. बंद पडणे जवळपास थांबले.

खिडकी उघडते पण कोरी राहते, हे दुखणे निराळे. वेबकिटजीटीके २.४२ पासून आलेला डीएमएबफ रेंडरर (पान पडद्यावर चितारणारा भाग) काही ग्राफिक्स ड्रायव्हरांशी जुळत नाही. तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना बाहेरून दिलेल्या सेटिंगने, बंद करून पाहावा. व्हिडिओ चालत नसेल, तर बहुधा व्हिडिओ-ऑडिओ चालवणाऱ्या जीस्ट्रीमरचे लिबएव्ही प्लगिन बसवायचे राहिलेले असते.

पॅच, म्हणजे सर्फच्या कोडमधले तयार बदल, लावताना मात्र एका वेळी एकच लावावा आणि प्रत्येकासाठी गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात वेगळी शाखा ठेवावी. मी चार पॅच एकदम लावले होते, आणि त्यांतला कोणता नडला हे शोधण्यात एक अख्खा रविवार गेला.

बँकेच्या कामासाठी मी आजही फायरफॉक्सच उघडतो. फक्त त्याआधी सर्फच्या सगळ्या खिडक्या बंद करतो.